शनिवारची ओटी

नका, म्याडम, खिडकीपाशी नका जाऊ — तितून तुमी तिला दिसता. म्हंजे ती वर बघतच न्हाई म्हना, सकाळपासून मान वर केली न्हाई ती, पर आताच बघितली तर? बसा की इथं पंख्याखाली. चहा सांगतो — न्हाई, चहा कोन आननार, चहा करनारी पिंकी बी खालीच बसलीया. राहूंद्या. फोनवर तुमी इचारलात, नागेंद्र, संप झालाय व्हय? आता ह्याला संप म्हनावं का काय म्हनावं तेच कळंना. वीस वर्षं झाली, आळंदच्या दाळमिलातच मुकादमी करायलोय, संप लई बघितलो. संपात मानसं वरडत्यात, दगड उचलत्यात, मंग आपन बी दोन शिव्या देतो, मिटतं. ह्या वरडंनातच. एकोणतीस बाया हात बांधून भिंतीला बसल्यात अन मदी एकटी निलम्मा डाळ निवडायलीय. पिंकी वर येऊन सांगून गेली — निलम्माक्का उठंपर्यंत आमी सुपाला हात लावनार न्हाई. तेवढंच बोलली. अन निलम्मा काय उठंना.

कामून म्हनता? आता कसं सांगू — तुमच्यापायी. न्हाई, न्हाई, राग धरू नका, तुमी चांगलंच शिकविलात. मुकादम लोकांचं ते दोन दिवसांचं शिबिर घेतलात की तुमी, कलबुर्गीला? मी पहिल्या ओळीत बसलो व्हतो. मानसाला नुसती भाकर पुरत न्हाई, मान लागतो, चारचौघांत नाव निघावं लागतं — तुमचंच बोलनं. मला लई पटलं. तवर मी शिव्यांवर काम करून घ्यायचो, खोटं कशाला बोलू. परत आलो अन इचार केलो, बायांना मान कशाचा? ढाल दिऊन काय करतील त्या? तर ओटी. आठवड्यात जिच्या निवडलेल्या डाळीच्या पाट्या जास्त, शनिवारी सगळ्यांसमोर तिची ओटी भरायची — खण, नारळ, तांदूळ, कुंकू, माझी बायको हाताला. श्रीशैल सेठ हसले, म्हनले नागेंद्रा, मिलात काय लगीन लावायलास काय? पर दिवसाला आठ पाट्या निवडनारी बाई दहावर गेली, तवा गप बसले.

अन पहिल्याच शनिवारी पुढं कोन, तर निलम्मा. आता हिची ओटी कशी भरायची? नवरा वारून सहा वर्षं झाली तिचा. तुमी अशा बघू नका — रीत काय मी केलो? माझी आई बी तशीच व्हती, माझ्या लग्नात मागच्या दाराला बसली, मी तरी काय केलो तवा? दुसऱ्या नंबरच्या बाईची भरलो. निलम्मा सोमवारी आली अन बारा पाट्या निवडली. पुढच्या शनिवारी बी दुसरीचीच भरलो, तर निलम्मा चौदा. एकटी बाई, चौदा पाट्या. तवा मला —

पानी देता जरा? तांब्या तुमच्याजवळच हाय.

तवा मला तुमचं फळ्यावरचं आठवलं. पोट भरलं की मानूस भाकरीसाठी हलत न्हाई, भूक हाय तवरच हलतो. लिवला व्हतात का न्हाई? मी म्हनलो, व्हय की. तिला बाजूला बोलावलो, सांगितलो, निलम्मा, तुझ्यासाठी रीत मोडतो मी, पर सोळा झाल्या पायजेत. ती सोळा केली. मी म्हनलो, अठरा. जेवायला उठायची सोडली ती, अठरा केली. परवा शनिवारी नवं लुगडं नेसून आली, म्याडम, अन कुनी सांगायच्या आत सगळ्यांसमोर पदर पसरून उभी राहिली. अन मी — माझ्या मनात आलं, आज भरली तर सोमवारी ही आठच निवडंल. ताट घेऊन बायको निघाली व्हती, मी तिचं कोपर धरलो अन दुसऱ्या नंबरच्या पिंकीकडं वळविलो. पिंकी पदर खोचून घेतली. ती बी घेईना. मंग कुनीच घेईना.

तवापासून मला भ्या वाटायलंय. सेठ चारला येनार हायत, त्यांचं न्हाई — काढून टाकतील, टाकूंद्या, ठाणाकुशनूरला सासरवाडी हाय, जाईन. हिचं भ्या वाटतंय. सकाळी सातपासून पान्याचा घोट न्हाई. मी खाली गेलो, निलम्मा, ऊठ गं, म्हनलो, तर तिला ऐकूच जाईना. बोटं फुटलीत तिची. डाळीत लाल दिसायलंय. बसल्या जागी काय झालं तर? शिव्या देनारी बाई बरी, म्याडम, दगड मारनारी बरी.

आता भरू म्हनता? ताट ते काय, कपाटावर. सकाळपासून तीनदा उचललो अन तीनदा ठिवलो. भरली तर सगळ्यांना कळंल की, भरता येत व्हती म्हनून. आता कसं, रीत हाय म्हनून सांगता येतंय. एकदा भरली की काय सांगू? मुद्दाम उपाशी ठिवलो म्हनू?

थांबा. सुपाचा आवाज थांबला.

बाया बी उठल्या वाटतं. जिन्यावर पाय वाजायलेत — तुमी हलू नका, हितंच ऱ्हावा. ये, निलम्मा. ये की, बस. ह्या कॉलेजच्या म्याडम. हे बघ, ताट काढलोच व्हतो मी, तुझंच हाय, रीत गेली खड्ड्यात, पदर पसर — पसर की गं. ताट कामून मागं सारायलीस? सगळ्यांसमोर देतो, ह्या बघायल्यात की दारात. तुझे हात बघ काय झालेत. बास झालं आता.

काय?

न्हाई, म्याडम, ओटी मागंना ती. अजून किती पाट्या, म्हनून इचारायलीय.

तुमी जा आता. मागच्या दारानं जा.