तिसरा महिना

स्वप्नाली : आत्याबाई, खरं सांगा. कितवा महिना सांगितलाय तुम्ही लोकांना?

नीलाबाई : हळू बोल की बाई. रानातल्या कोपीला काय भिंती हायेत? कडब्याच्या पेंढ्या नुसत्या. इकडचं तिकडं ऐकू जातंय.

स्वप्नाली : हळूच बोलतेय. मघाशी विहिरीपाशी मल्लम्मा काकूंनी माझा हात धरला. म्हणाल्या, आंबट खावंसं वाटत असेल, येळवसच्या सणाची आंबील पोटभर पी, लाजू नको.

नीलाबाई : मग काय म्हणलीस?

स्वप्नाली : नुसती हसले.

नीलाबाई : बरं केलंस. तिसरा सांगितलाय.

स्वप्नाली : तिसरा. आणि मला कधी सांगणार होता? बारशाला?

नीलाबाई : आता टोमणे मारू नको. आधी ऐकून तर घे. सोमवारी मठात गेलते मी. सगळ्या जणी बसलेल्या. पार्वतीबाईनं सुरू केलं. म्हणली, नीलाबाई, तुमची सून येळवसला तरी रानात येणार का बसणार घरात गालाला लाली लावून? तिची जाऊ म्हणली, उन्हात आली तर काळी पडंल की राणीसाहेब. मी एका कानानं ऐकलं, दुसऱ्यानं सोडून दिलं. मग म्हणत्यात, उन्हं अंगणात येईस्तोवर उठत न्हाई म्हणं, अन् अंग बी कसं सुटलंय, बसून खाल्ल्यावर सुटणारच. माझ्या टाळक्यात गेलं बघ. आता त्यांला सांगू काय? फोड असता तर दाखवला असता. ताप असता तर म्हणले असते लावा हात. तुझं काहीच दिसत न्हाई की. तोंडातून निघून गेलं, तिला दिवस गेलेत, म्हणून मीच उन्हात धाडत न्हाई.

स्वप्नाली : आणि त्यांनी मानलं?

नीलाबाई : लगेच. सगळ्यांची तोंडं एका दमात गोड झाली. त्याच पार्वतीबाईनं तुझ्यासाठी लिंबाचं लोणचं बांधून दिलं.

स्वप्नाली : ते लोणचं मी खाल्लं.

नीलाबाई : खाल्लंस की. चांगलं झालंय म्हणालीस.

स्वप्नाली : यांना तरी माहीत आहे का?

नीलाबाई : उमाशंकरला? न्हाई. शेजारच्या शिवप्पानं त्याच्या पाठीवर थाप मारून पेढे मागितले, तर त्याला वाटलं बहिणीच्या, ऋतुजाच्या सोयरिकीचं बोलायलाय. देतो देतो म्हणला, लवकरच देतो. आता गावाला काही शंकाच उरली न्हाई.

स्वप्नाली : हसू नका, आत्याबाई. मला भीती वाटतेय. सहाव्या महिन्यात काय करायचं? पोटाला उशी बांधू?

नीलाबाई : तिथवर जातंय कशाला? ऋतुजाच्या डोक्यावर अक्षता पडल्या की सांगू, राहिलं न्हाई म्हणून. हाय काय त्यात. बायांचं होतंय तसं कधी कधी.

स्वप्नाली : म्हणजे जे नव्हतंच ते पडलं म्हणायचं. मग आज आळशी म्हणतात, उद्या म्हणतील हिच्या पोटात टिकत नाही. तो शिक्का कोण पुसणार?

नीलाबाई : तेवढा लांबचा इचार मी केला न्हाई.

स्वप्नाली : लातूरच्या डॉक्टरांनी तुमच्यासमोर सांगितलं होतं. अंगातली जी ताकद रोगाशी भांडायची, ती माझ्या अंगाशीच भांडतेय. उन्हानं ते वाढतं. गालावर येते ती लाली नाही, आजारच आहे. अंग सुटलंय ते गोळ्यांनी. आणि या गोळ्या चालू आहेत तोवर दिवस राहू द्यायचे नाहीत, हेही सांगितलं. लेकराचा विषय मनात आला की मी दुसऱ्या खोलीत जाते, काहीतरी आवरत बसते. आणि आज मल्लम्मा काकू बोलल्या तेव्हा माझा हात पोटावर गेला. मला माहीत असून गेला. घटकाभर खरंच वाटलं मला.

नीलाबाई : रडू नको माझी बाय. अगं, बांधावर जीप थांबलीय. कमलम्मा उतरली बघ.

स्वप्नाली : आनंदराजची आई? ऋतुजाच्या होणाऱ्या सासूबाई? त्यांनाही सांगितलंय का?

नीलाबाई : मी न्हाई. मल्लम्मा त्यांच्या नात्यातलीच, तिनं फोन केला. ओटीचं सामान घेऊनच आली असंल. येळवस म्हणजे काळ्या आईची ओटी भरायचा दिवस, त्यात घरात पोटुशी सून. ती सोडती व्हय?

स्वप्नाली : मी ओटी घेणार नाही.

नीलाबाई : माझे आई, आजच्या दिवस घे. ऋतुजाची मागची सोयरीक कशी मोडली ते विसरलीस? कुणीतरी कानात सांगितलं, त्या घरात मोठं दुखणं हाय, लातूरच्या वाऱ्या चालू हायेत. चहा पिऊन गेले ते गेलेच.

स्वप्नाली : पण मी सून आहे. ऋतुजाचं आणि माझं रक्त एक नाही.

नीलाबाई : लोक रक्त बघत्यात व्हय? लोक उंबरा बघत्यात. पोर रात्रभर रडली होती. आज सकाळपासून नवं लुगडं नेसून भाज्या-दाण्यांची भज्जी ढवळायलीय. तिच्याकडं बघ. तू बोलू नको, नुसता पदर पसर.

(कमलम्मा वाकून कोपीत येतात. हातात खण आणि नारळ.)

कमलम्मा : यवा, पोरी, इथं अंधारात काय बसलीस? बाहेर चल. मांडलेल्या पाच पांडवांच्या दगडांसमोर ओटी भरू. बाया खोळंबल्यात.

नीलाबाई : इथंच भरा की विहीणबाई. तिला ऊन सोसत न्हाई.

कमलम्मा : थंडीतलं ऊन हाय हे. बाळाला चांगलं. आमच्या बिदरकडं माझ्या थोरल्या सुनेनं दिवस भरेपर्यंत कापूस वेचला. नाजूकपणा करावा, पण किती करावा? चल, ऊठ.

स्वप्नाली : मावशी, ओटी नका भरू.

नीलाबाई : स्वप्नाली.

स्वप्नाली : मला दिवस गेलेले नाहीत. मला आजार आहे. उन्हात गेले की अंगावर उमटतो, सांधे धरतात, मग दोन-दोन आठवडे पडून राहावं लागतं.

कमलम्मा : आजार? चेहरा तर टवटवीत दिसतोय तुझा.

स्वप्नाली : तेच तर. दिसत नाही.

कमलम्मा : मग दिवसाचं कोण बोललं?

नीलाबाई : मी बोलले. तिला ठाऊक बी नव्हतं. आत्ता कळलं तिला, तुमच्या आधी घटकाभर.

कमलम्मा : हे असलं एकमेकाला लागतं का?

स्वप्नाली : नाही. माझ्या ताटात जेवलात तरी काही होणार नाही.

कमलम्मा : आजाराचं मला काही न्हाई, यवा. आमचे मालक गेली कित्येक वर्षं साखरेची सुई टोचून घेत्यात, आम्ही कुणापासून लपवलं न्हाई. पण नीलाबाई, न आलेल्या लेकराच्या नावानं खोटं बोललात तुम्ही. उद्या माझ्या पोराला काय काय सांगाल, मी कसं ओळखू?

नीलाबाई : ऋतुजाची यात काही चूक न्हाई. तिला यातलं काहीच ठाऊक न्हाई.

कमलम्मा : पोरीला मी काही म्हणाले न्हाई. येळवसचं जेवण टाकून जाऊ नये, म्हणून जेवून जाते. बाकीचं घरी इचारून कळवू. हा नारळ मी पांडवांपुढं ठेवते.

स्वप्नाली : गेल्या.

नीलाबाई : हाव.

स्वप्नाली : ऋतुजाला मी सांगते. माझ्यामुळं झालं.

नीलाबाई : तुझ्यामुळं काही न्हाई. जीभ माझी सुटली.

स्वप्नाली : तुम्ही माझी बाजू घ्यायलाच गेला होता.

नीलाबाई : कुठली बाजू गं. मठात तुझं आजारपण सांगायची मला लाज वाटली. सून आजारी निघाली म्हणल्यावर माझी काय पत राहती, हे पयलं आलं मनात. तू नंतर आलीस. खोटं कशाला बोलू आता.

स्वप्नाली : बाहेर पंगत बसतेय. वाढायला कोणी नाही. डोक्यावरून शाल घेऊन मी येते थोडा वेळ, नाहीतर परत बोलतील.

नीलाबाई : बोलू दे. तू बस. ऋतुजा वाढंल, मी वाढीन. आणि पार्वतीबाईला मीच सांगते काय हाय ते, पंगतीत, सगळ्यांसमोर. उठलीस कशाला परत?

स्वप्नाली : तुमचा पदर अडकलाय कडब्यात, तो काढते.

नीलाबाई : राहू दे तो. आपलंच मनगट का धरलंस?

स्वप्नाली : काही नाही, आत्याबाई.

नीलाबाई : काही न्हाई म्हणू नको आता. दुखतंय का?

स्वप्नाली : हाव. लई दुखतंय.