पाण्यात पडलेल्या लाल कार्डिगनबाबत

पोलीस ठाणे, इसाफ्योर्दुर, आइसलँड.

नाव ऑड्री ब्लेंकिन, वय ७६ वर्षे, धंदा काही नाही, पूर्वी मासे कापण्याच्या कारखान्यात कामाला, राहणार हेसल रोड, हल, इंग्लंड. पती डेरेक ब्लेंकिन, मासेमारी जहाजावर खलाशी, मयत.

समक्ष विचारल्यावरून जबाब देते की, वरील पत्त्यावर मी एकटी राहते. माझी नणंद रीटा स्टॅदर्स दोन गल्ल्या सोडून राहते. आम्ही दोघी जहाजाच्या सहलीवर आलो असून दोघींचीही ही पहिलीच सहल आहे. आमच्या घरचे पुरुष जहाजावर पोटासाठी जात. बायका कधी गेल्या नव्हत्या.

कोणत्या बंदरात उतरून काय पाहायचे, हे आम्ही अख्खा हिवाळा माझ्या स्वयंपाकघरात बसून ठरवले. मी वाचनालयातून आइसलँडवरची मिळतील ती पुस्तके आणून वाचली. शाळा मी पंधराव्या वर्षी सोडली, वाचणे सोडले नाही. रीटा वाचत नाही, चित्रे पाहते. इतर बंदरांवरून आमचे भांडण झाले नाही, या गावावरून झाले. तिला जहाजाच्या बसने धबधब्याला जायचे होते. मला बेकरीत जायचे होते.

ती म्हणाली, "पाव खायला आइसलँड? आपल्या कोपऱ्यावरच्या बेकरीनं काय घोडं मारलंय?"

मी म्हणाले, "तू जा धबधब्याला. पाणी वरून खाली पडतं, ते मला माहीत आहे."

ती खूप हसली. मग थांबून म्हणाली, "डेरेकची बेकरी?" मी हो म्हणाले. तिने मला चहा ओतला. त्यानंतर तिने मला बेकरीवरून चिडवले नाही, म्हणजे दोन दिवस.

बेकरीबाबत खुलासा असा की, आमच्या लग्नाच्या दुसऱ्या वर्षी वादळामुळे पतीचे जहाज या बंदरात आसऱ्याला थांबले होते. बेकरीवालीने खलाशांना शेगडीजवळ बसू दिले आणि गाठ मारलेले, तळलेले गोड पाव खाऊ घातले. पतीच्या सांगण्यावरून मी ते घरी चार-पाचदा करून पाहिले. पती दर वेळी सगळे संपवून म्हणत, "छान झालेत. पण हे ते नव्हेत." ते कोणते, हे मला खाऊन पाहायचे होते. त्यासाठी मी आले.

आज सकाळी जहाज धक्क्याला लागल्यावर रीटा बसने गेली व मी पायी निघाले. आइसलँडचे घड्याळ आमच्यापेक्षा एक तास मागे, असे पुस्तकात असल्याने मी माझे घड्याळ मागे केले. रीटा निघताना म्हणाली, "जहाजावर सगळं घरच्या वेळेनंच चाललंय, तू कशाला काटे फिरवतेस?" मी म्हणाले, "गाव त्यांचं, तर वेळही त्यांचीच." रीटाचे बरोबर होते. हे तिला कळवू नये अशी विनंती आहे.

बेकरी सापडली. शेगडीच्या जागी आता कॉफीचे यंत्र आहे. आताची मालकीण त्या बेकरीवालीची नात निघाली. ती म्हणाली, "हलचे खलाशी गाणी म्हणायचे, असं आजी सांगायची. फार वाईट गायचे म्हणे."

मी म्हणाले, "त्यातला सगळ्यात वाईट आवाज माझ्या नवऱ्याचा."

आम्ही दोघी बराच वेळ हसलो. मी एक पाव तिथेच खाल्ला. ते हेच होते. दोन पाव बरोबर बांधून घेतले. दोन घ्यायचे हे आधीपासून ठरलेले होते.

माझ्या घड्याळाप्रमाणे जहाज सुटायला अजून तास होता, म्हणून मी धक्क्यावरच्या बाकावर बसले. जहाजाचा भोंगा ऐकला काय, असे विचारल्यावरून सांगते की, ऐकला. मला वाटले, एखादी मासेमारीची बोट निघाली. मी पाण्याकडे पाठ फिरवली. आमच्या हेसल रोडवर जहाज सुटताना बायका त्याच्याकडे पाहत नाहीत, हात हलवत नाहीत, त्या दिवशी घरात कपडे धुवत नाहीत. तसे केले तर गेलेला माणूस परतत नाही असे मानतात. पतीच्या शेवटच्या फेरीला मी हे सगळे पाळले होते. जहाज आले नाही.

पुढची हकीकत रीटाने फोनवर सांगितल्याप्रमाणे अशी. तिने डेकवरून मला बाकावर पाठमोरी बसलेली पाहिले. आसपासचे प्रवासी माझे लक्ष वेधायला हात हलवू लागले. रीटाने शेजारच्या गृहस्थांचा हात धरून खाली ओढला. "हात खाली घ्या. जहाज सुटलंय, दिसत नाही का?"

ते म्हणाले, "अहो बाई, तुमचीच मैत्रीण मागे राहतेय."

रीटा म्हणाली, "राहू दे. पण जिवंत राहू दे."

मग हात न हलवता माझे लक्ष जावे म्हणून तिने अंगातले लाल कार्डिगन काढून त्याचा गोळा केला आणि माझ्या दिशेने फेकला. तो पाण्यात पडला. दूर उभ्या असलेल्यांनी आधी झटापट पाहिली, मग पाण्यात लाल कपडा पाहिला. बाईला ढकलले, अशी आरोळी झाली. जहाज थांबवून माणसे मोजली तेव्हा एक कमी भरले. ती मी. सबब कोणी कोणाला ढकललेले नाही. त्या गृहस्थांचा काही दोष नाही व माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही.

अंमलदार स्टेइनून बाकाजवळ आल्या आणि म्हणाल्या, "ऑड्री ब्लेंकिन तुम्हीच का? तुम्ही बुडालात अशी वर्दी आहे."

मी म्हणाले, "मी पाव खातेय."

त्या म्हणाल्या, "जहाजावरून दुर्बिणीतून बघताहेत. जरा हात दाखवा, म्हणजे त्यांचा जीव भांड्यात पडेल."

मी हात खिशात घातले. मी विचारले, "जहाज चाललंय की येतंय?"

"येतंय. तुमच्यासाठीच वळलंय."

येणाऱ्या जहाजाला हात हलवायला आमच्याकडे मनाई नाही. मला तशी वेळ फार वर्षांत आली नव्हती. मी पाण्याकडे वळून उजवा हात वर केला. मग दोन्ही केले. डेकवर कार्डिगन नसलेली एक बाई दोन्ही हात हलवत होती.

बोटवाल्यांनी पाण्यातून काढलेले कार्डिगन मी रीटाचे म्हणून ओळखले व ताब्यात घेतले. ते ओले आहे. निघायच्या दिवशी रीटाचा कपडा धुतला गेला, त्याला मी जबाबदार नाही. उरलेला पाव अंमलदारांना दिला. तो त्यांनी हा जबाब लिहिताना खाल्ला.

माझा जबाब मला सावकाश वाचून दाखवला. मी सांगितला तसाच उतरला आहे. वर माझ्या नावापुढे 'बेपत्ता' असे लिहिले होते, ते माझ्या सांगण्यावरून खोडले आहे. मी बाकावरच होते. जहाज धक्क्याला लागलेले खिडकीतून दिसत असल्याने सही करून निघते.

(सही) ऑड्री ब्लेंकिन