चर

(मे २००९. गावतळं आटलंय. मधल्या डोहात तेवढं पाणी उरलंय आणि त्याच्याकडे जाणारी एक बारीक चर. सकाळचे आठ. निकेश आणि त्याची धाकटी बहीण रोशनी गुडघाभर चिखलात.)

निकेश : चरीत जाळं कोणं टाकलं? तू?

रोशनी : मीच. काल सांजच्याला. आजपासून हेच काम करीन म्हटलं.

निकेश : वेडी झाली का तू? हे पाह्य, मरळ हाय. पोटात अंडी हायेत हिच्या. उन्हाळ्यात चर अडवत नसतात, लहान पोट्ट्यालेबी मालूम हाय! डोहात मासळी पोचली नाई, तं पावसात बीज कुठून येईन?

रोशनी : विसरले. सहा वर्सं नागपूरले राहून विसरले.

निकेश : अन् दहाची बस? बॅग भरली नाई, इथी चिखल तुडवून राह्यली. उद्या पुण्यात पुढच्या शिक्षणाले हजर व्हाचं हाय ना?

रोशनी : मी नाई जात, भाऊ.

निकेश : काऊन? ताऱ्यांचाच अभ्यास करीन म्हणून तूच तं डोकं खाल्लं आमचं!

रोशनी : तोच अभ्यास टोचून राह्यला. मोठे तारे कसे होतात, मालूम हाय तुले?

निकेश : दहावीतच शाळा सुटली माही. सांग लवकर, टाइम नाई.

रोशनी : आभाळात थंड वायूचे लांबच लांब पट्टे असतात, दोऱ्यांसारखे. एवढे काळे की डोळ्यांना दिसत नाईत. ऊब टिपणारी दुर्बीण लागते. याच महिन्यात एक वर गेली. जिथं असे तीन-चार पट्टे एकमेकांना येऊन मिळतात, तिथं तारा धरतो. मग लांबलांबून वायू वाहत येऊन त्याच्यात पडत राहतो. आपल्या सूर्याच्या वीसपट होतो तो.

निकेश : मंग हा डोहच झाला. चारीकडून येते, म्हणून मोठा.

रोशनी : अन् बाजूच्या लहानग्यांचं काय? त्यांच्या वाट्याचंबी तोच खातो. वरून त्याच्या तापानं उरलेला वायू उधळून जातो. तुही शाळा कोणासाठी सुटली, भाऊ? तू बाबाची जाळी ओढली, मी होस्टेलात गणितं केली. लाज वाटते मले.

निकेश : हे कवापासून मनात हाय?

रोशनी : सहा वर्सं.

निकेश : मलेबी राग होता. खोटं काऊन सांगू? तुहा बारावीचा निकाल लागला, तवा दोन दिवस बोललो नाई तुह्याशी.

रोशनी : आठवते.

निकेश : पण तू आता थांबली, तं माही दहावी वापस येईन का? शिकलेली हायेस ना, सांग.

रोशनी : नाई.

निकेश : जे तुह्याकडं वाहून गेलं, ते गेलं. मधातच अडवशीन, तं तुले भेटन नाई अन् मलेबी नाई. इथीच चिखलात मरन.

रोशनी : अन् तुहा राग?

निकेश : येईन अधीमधी. येऊ दे. तू फोन करत जा.

रोशनी : भाऊ...

निकेश : रडू नको, बस चुकन. हे टोक धर.

रोशनी : कायचं?

निकेश : जाळ्याचं. पह्यले चर मोकळी करू.