गिटार एक, माणसं पाच

...नाही, मी म्हणतो, पंक्चर काढणाऱ्या माणसाला गिटार आवडली तर आभाळ कोसळतं काय हो? दारू नाही, जुगार नाही, कोणाच्या बांधावरचा नारळसुद्धा ज्यानं कधी उचलला नाही, असा हा सत्यवान धुरी, कसालच्या बाजारात सायकलींचं दुकान, दुकानामागेच घर, वय चाळिशीला टेकलेलं, आणि उभ्या जन्मात पहिल्यांदा त्याला एक वस्तू हवीशी वाटली... एक! तर त्या माणसाच्या मागे चार माणसं लागावीत? आणि ती कोण, तर परकी नव्हेत, घरची! तुम्हाला सांगतो, असल्या खरेदीला माणसानं एकट्यानं जायचं असतं, एकट्यानं!

आता गिटार त्याच्या डोक्यात शिरली कुठून, ते ऐका. गोवा मोकळा होऊन दोनअडीच वर्षं झाली होती, तिकडचे ट्रक आपल्या रस्त्यानं धावायला लागले होते, आणि कौलं भरलेला असाच एक ट्रक सत्यवानाच्या दुकानासमोर फुसकन बसला. सायकलवाल्यानं ट्रकची ट्यूब जोडायची म्हणजे अर्ध्या दिवसाचं काम. सत्यवान ट्यूब घासतोय, आणि तो ड्रायव्हर, मिंगेल त्याचं नाव, सीटमागून गिटार काढून फणसाखाली बसला वाजवत! तेवढ्यात कसला आवाज म्हणून सत्यवानानं मान वर केली ती तशीच राहिली. ट्यूबला ठिगळ लावलं ते भोक सोडून भलतीकडेच. मिंगेल हसला, म्हणाला, "धर रे," आणि दिली ना गिटार याच्या मांडीवर! यानं सोल्युशन लागलेल्या बोटानं एक तार ओढली... एकच... आणि तो आवाज म्हणे कानात गेलाच नाही, सरळ पोटात गेला.

झालं! घरी जाऊन बायकोला सांगितलं. सांगायची काय गरज होती? पण सरळ माणूस हो, सांगितलं.

शेवंती परसात माडाची चुडतं ओढत होती. म्हणाली, "गिटार? ती खातत काय अंगाक लायतत?"

"वाजयतत गो."

"कोण? तुमी? पंप मारताना तुमका खोकलो येता!"

आणि तिनं बोलणंच टाकलं. अबोला! म्हणजे तोंड बंद म्हणता? छे! तोंड मांजरीशी सुरू. "मनये, सांग गो कोणाक तरी, पेज वाढलेली आसा, गिळूची आसात तर गिळा म्हणा." हा समोर बसलेला, आणि ही मांजरीला सांगते! मांजर बिचारी एकदा हिच्याकडे बघते, एकदा त्याच्याकडे. असं त्या घरात किती दिवस चाललं ते त्या मांजरीलाच ठाऊक.

बरं, घरात भांडण झालं की कसालात ते घरात राहतं? चुलीवरची भाकरी पालटायच्या आत दाजी हजर. दाजी म्हणजे सत्यवानाचा सख्खा मामा, भजनी बुवा. गळा असा की रवळनाथाच्या देवळात आ लावला तर पाकोळ्या उडून जायच्या. आल्या आल्या ओट्यावर काठी आपटून, "सत्या! तुझ्या आज्यान पकवाज वाजवल्यान, बापाशीन टाळ कुटल्यान, आणि तू पाद्र्यांचा वाद्य घेतंस? आणि सूर कोण बघतलो? तू? तुका हवेचो सूर कळता! मी येतंय."

त्यांच्या मागोमाग महादू सुतार. त्याला कोणी बोलावलं? कोणी नाही! "गिटार लाकडाची ना? मगे लाकूड कोण बघतलो? तुका शिवणीचा लाकूड आणि आंब्याचा एकच. मी येतंय."

आणि या दोघांवर कडी म्हणजे शेवंतीचा थोरला भाऊ गंगाराम, मुंबईला कॅन्टीनमध्ये कामाला, रजेवर आलेला. मुंबईहून आलेल्या माणसाला जगात न कळणारी गोष्ट आहे काय? "भावोजी, तुमका फसवतले. आमच्या खोलयेच्या बाजूक एक किरिस्तांव रवता, मी रोज भिंतीतसून आयकतंय. गिटारीतला माका विचारा." भिंतीतून ऐकून पंडित! मग मी म्हणतो, बाजूला डॉक्टर राहिला असता तर हा ऑपरेशन करायला बसला असता!

आणि निघायच्या दिवशी बघतो तर शेवंती नेसून-सवरून दारात. मांजरीला सांगते, "मनये, मी पण जातंय गो. माझी सवत कशी दिसता ता तरी बघतंय."

एकट्यानं जायचं असतं हो... पण ऐकतो कोण!

तर निघाली वरात गोव्यात, म्हापशाला. सावंतवाडीला गाडी बदलली, बांद्यापर्यंत दाजी आणि गंगाराम भांडले, बांद्यापुढे महादू आणि दाजी भांडले. विषय काय, तर गिटारीला तोंड असतं की नसतं! कंडक्टर म्हणाला, "अहो, वाजवणार कोण तुमच्यातला?" सगळ्यांनी सत्यवानाकडे बोट दाखवलं, आणि कंडक्टर त्याला आपादमस्तक न्याहाळून म्हणाला, "असं होय," आणि पुढे गेला. त्या 'असं होय'नं सत्यवानाचे कान म्हापसा येईपर्यंत लाल होते.

दुकान स्टँडजवळच्या एका बोळात. अंधारं, समोर एक काचेची खिडकी, आणि आत छताला गिटारी अशा टांगलेल्या, जशी काय वाळत घातलेली मोरी मासळी! आणि स्टुलावर दुकानाची मालकीण क्लाराबाय, पिकलेले केस, हातात क्रोशाची सुई, आणि चेहरा असा की गिऱ्हाईक म्हणजे घरात शिरलेली गुरं. पाच माणसं एकदम आत शिरलेली बघून सुई थांबली.

"एक गिटार आनी पांच जाण? मड्याक आयल्यात?"

बघा! शुभ बोलणं!

"कोणाक जाय? कोण घेतलो?"

सत्यवानानं तोंड उघडलं, आणि दाजी म्हणाले, "आमका!"

तुम्हाला सांगतो, पुढचं वर्णन करायची नाही सोय. महादूनं एक गिटार खाली ओढून तिच्या पाठीवर बोटांच्या पेरांनी ठकठक, ठकठक... "पोकळ आसा ही! सगळीच पोकळ! लाकडाच्या नावान वारो इकतत!"

"तो पणस न्हय," क्लाराबाय ओरडली, "बडय नाका!"

गंगाराम एकेक गिटार उलटी करून खाली बघतोय. "हेची वायर खंय? मुंबयक गिटारीक वायर आसता, विजेची."

"वायर? वायर तुज्या मुंबयंत!"

अहो, सत्यवानाच्या घरात कंदील! वायर कशाला, कंदिलाला लावायला?

आणि दाजी? दाजींनी कानावर हात ठेवला, डोळे मिटले आणि लावला की हो आ! त्या एवढ्याशा दुकानात! आणि तुम्हाला खोटं वाटेल, पण टांगलेल्या झाडून सगळ्या गिटारी आपोआप गुणगुणायला लागल्या, तारा थरथरल्या, बाहेरचं कुत्रं केकाटत गेलं. दाजी डोळे उघडून म्हणतात, "बघलंस? भियाली माका! ज्या वाद्याक माझी भीती वाटता, ता काय साथ करतला?"

आणि या सगळ्या गोंगाटात सत्यवान कुठे होता? कोपऱ्यात. एक लहानशी तपकिरी गिटार, एका बाजूला पोचा पडलेली, त्यानं हळूच मांडीवर घेतली होती. कोणी शिकवलं नाही, पण बसली हो बरोबर, गाईचं वासरू धरावं तशी. अंगठ्यानं तार ओढली... तोच, तोच आवाज, पोटात जाणारा. त्याचा चेहरा बघितला असतात ना तुम्ही...

पण बघितला कोणी? चौघांनी! आणि लगेच सुरू. "ही? ही फुटकी आसा!" महादू. "ही चेडवांची! मुंबयक शाळेतली चेडवा वाजयतत," गंगाराम. "ह्येच्यात काळी दोनचो सूर नाय," दाजी. आणि शेवंती दारात पाठ करून उभी, तिथं मांजर नव्हती म्हणून रस्त्याला सांगितलंन, "पैसे टाकून पोचो आलेला भांडा घेवचा, ता हेंच्याकडसून शिकूचा!"

तेव्हा क्लाराबाय उठली. सुई ठेवली, कोपऱ्यातली छत्री घेतली. "भायर! सगळे भायर! गिटार हो वाजयतलो, तुमी न्हय! भायर!" दाजींना छत्रीचं टोक पोटात, महादूच्या हातातली गिटार ओढून घेतलीन, गंगारामाला तर ढकललंच. दाराला आतून कडी. आणि सत्यवानासमोर येऊन उभी राहिली. "आतां वेंच. तुका जाय ती वेंच."

बघा, देवच पावला! चार छळवादी बाहेर, हा आत, गिटार मांडीवर. एका शब्दाचं काम. 'ही द्या' म्हणायचं आणि उठायचं!

म्हणालाच नाही!

अहो, या माणसानं जन्मात कधी काही निवडलंच नव्हतं. बायको आईनं बघितली, दुकानाची जागा दाजीमामानं बघितली, दुकानातलं टेबल महादूनं आपल्या मर्जीनं केलं आणि आणून टाकलं, अंगातला सदरासुद्धा गंगारामनं मुंबईहून आणलेला! आता एकटा बसला तर हे चौघे कडीबाहेर थोडेच राहतात? डोक्यात बसलेले ना! पोचा आहे खरा... पोकळ असेल... पोरींची असेल... आणि त्यानं, तुम्हाला काय सांगू, त्यानं ती मांडीवरची गिटार खाली ठेवली. चौघे दुकानात होते तोवर त्यांचा राग येत होता त्याला, आता स्वतःचा यायला लागला.

घाम पुसत त्यानं खिडकीकडे बघितलं. काचेपलीकडे शेवंती! डोळे मोठे, पदर सुटलेला, तोंडानं काहीतरी ओरडतेय, ऐकू येत नाही, पण बोट! बोट सारखं डावीकडे! एवढ्या दिवसांचा अबोला टाकून बायको चक्क त्याच्याशी बोलतेय, त्याच्याशी, मांजरीशी नव्हे! सत्यवानाचा ऊर भरून आला. त्यानं मान हलवली आणि डावीकडे बघितलं. भिंतीवर एक मोठी, काळी, चकचकीत गिटार.

"ती," तो म्हणाला.

"ती? तुका?"

"होय. घरकान्नीन दाखयल्यान."

"चिंत. विचार कर."

"चिंतलंय."

क्लाराबायनं त्याच्याकडे असं बघितलं, असं बघितलं... आणि म्हणाली, "तुजी खोशी," आणि बांधून दिलीन.

बाहेर आला तर चौघे शिव्या देत उभे. "खंय होतास? गाडी गेली! सावंतवाडीची गाडी गेली डोळ्यांदेखत!" आणि शेवंती कडाडली, "गाडी सुटता गाडी सुटता म्हणान बोट दाखयतंय, तर हे आपले बघतत आणि मान हलयतत!"

सत्यवान त्या बोचक्याकडे बघत राहिला. "गाडी दाखयत होतंस?"

"नाय तर काय?"

"माका वाटला, ही घेवा म्हणतंस. तू सांगलंस म्हणान घेतलंय."

पुढची गाडी येईपर्यंत ते तिघे स्टँडवर एकमेकांचे बाप काढत होते आणि शेवंती मात्र बोचकं मांडीवर घेऊन बसली, कुणाचा धक्का लागू देईना. लग्नाला एवढी वर्षं झाली, हिच्या सांगण्यावरून त्या घरात काडी आली नव्हती हो.

घरी आल्यावर सत्यवान दुकान बंद करून रोज बसायचा त्या गिटारीशी झगडत. काही केल्या जमेना! मिंगेल वाजवायचा तसा हात ठेवला तर जाड तार असायची तिथे बारीक, बारीक तिथे जाड. बोटं सोलली, सोललेल्या बोटांनी पंक्चर काढायचा आणि गिऱ्हाइकांवर खेकसायचा. कसालचं गिऱ्हाईक ओरोसला सायकल ढकलत न्यायला लागलं!

शेवटी एकदा मिंगेलचा ट्रक आला, हवा भरायला. गिटार बघितली आणि असा हसला, असा हसला की गडी फणसाला टेकला. "अरे, ही दाव्या हाताची! डावखुऱ्या मनशान मुद्दाम करून घेतिल्ली! तुका कोणे दिली?"

हसणं ऐकून दाजी आणि महादू हजर! दाजी म्हणाले, "मी सांगीत होतंय." महादू म्हणाला, "मी पण." मिंगेल भला माणूस, म्हणाला, तारा उलटसुलट करून बघूया, नाहीतर दुकानात परत देऊया.

"हात लावू नका!"

शेवंती. हातात खोबऱ्याची कवड, तशीच घरातून आलेली. "माझ्या बोटान इलेली वस्तू ती. परत करूची नाय." आणि गिटार उचललीन, आत नेऊन ठेवायला. मिंगेल हसणं थांबवून बघतच राहिला. "राव गो बाय, कशी धरल्या बघ!"

कशी धरणार? डावखुरी ना ती! लहानपणी आयशीनं चटके देऊन देऊन लोकांसमोर उजवा हात लावला होता, पण विळी, खोबरं, कोयता, घरातलं सगळं डाव्यानं. सत्यवानानं एवढी वर्षं संसार केला, पण हे कधी बघितलंच नव्हतं! तिनं डाव्या अंगठ्यानं तार ओढली. सत्यवानाच्या पोटात तो आवाज गेला... आणि मग रागानं अंगाची लाही लाही झाली. कारण गिटार तिला बसली होती.

आता कौलांचा ट्रक आला की मिंगेल ओट्यावर बसून शेवंतीला शिकवतो, आणि सत्यवान खाली उन्हात त्याच्या चाकात हवा भरतो. वाजवते हो ती, दाजी टाळ घेऊन येतात म्हणजे बघा! आणि दाजी-महादू बाजारात, गंगाराम मुंबईच्या कॅन्टीनमध्ये सांगत फिरतात, गिटार आम्ही निवडली. सत्यवानानं बरेच दिवस सोसलं. परवा मात्र पंप आपटला, सदरा चढवला, "पुरे झाला! ती पोचो पडलेली तपकिरी गिटार माझी आसा, मी ती आणूक जातंय, आणि ह्या वक्ताक येकटो जातंय, येकटो!"

शेवंतीनं गिटार अलगद बाजूला ठेवली, पदर खोचला.

"येकटे? आणि तुमका गिटारीतला काय कळता? रवा, मी येतंय. आणि जाता जाता दाजीमामांक हाक मारा."