पांढऱ्या दगडांच्या पल्याडची तीन एकर

माजं नाव पार्वती, पर समदी पारव्वाच म्हणत्यात. म्हायेर हल्याळकडचं. सोळाव्या वर्षी लगीन होऊन ह्या गावात आले, अळणावरपासनं चालत तासाभराचं गाव, जंगलाला चिकटून. सासऱ्यासंगं कानडी बोलायचं, सासूसंगं मराठी, आन नवऱ्यासंगं भांडायचं दोन्हीत. हसू नका बाई, खरं तेच सांगते. तीन एकर शेत व्हतं आमचं, खाली भात, वर नाचणी. सुखानं खाल्लं असं बी न्हाई कधी, भात पोटरीला आलं की रानडुकरं यायची, एका साली हत्ती आले, आमी आपले डबे बडवत बसायचो. तरी जनावरावर राग न्हवता. त्येला भूक लागली, ते आलं. त्येला अर्ज कराय येत न्हाई. माजा राग हाय तो अर्जावर.

नव्वद सालानंतरची गोष्ट, माजा म्हादेव नुकता शाळेत जायला लागला व्हता. जंगल खात्याची माणसं आली, चुन्यानं रंगवलेले दगड घेऊन, आन आमच्या शेताच्या अल्याडच्या बांधावर वळीनं ठोकले. म्हंजे घर ह्या बाजूला आन शेत दगडाच्या पल्याड. सायेब गोड बोलला, खोटं कशाला सांगू. म्हणाला ही जनावरांची यायजायची वाट हाय, सरकार ती राखणार, तुमाला जमिनीच्या बदल्यात जमीन मिळंल. मी म्हटलं मिळू दे, जनावरानं बी जगायला पायजे. आमच्या ह्यांनी इचारलं, कधी मिळंल? सायेब म्हणाला, लवकर. बाई, त्या लवकरमदी माजा म्हादेव मॅट्रिक झाला.

नांगर धरला की गार्ड यायचा, ही आता जंगलाची जागा. बरं. हे दुसऱ्याच्या शेतात कूलीला जायला लागले, ज्या माणसानं कुणापुढं मान खाली घातली न्हाई तो माणूस. सोसायटीत बियाणं मागाय गेले तर म्हणत्यात, तुमची जमीन जंगलात गेली, तुमी कुठले शेतकरी? गरिबांची घरं बांधून देत व्हते तिथं गेले, तर म्हणत्यात, उताऱ्यावर तीन एकर हायत तुमच्या नावावर, तुमी कुठले गरीब? म्हंजे एका हापिसात जमीन न्हाई म्हणून न्हाई, दुसऱ्या हापिसात जमीन हाय म्हणून न्हाई! मी तिथल्या कारकुनाला म्हटलं, अण्णा, तुमी दोघं एकदा भेटा की, एकाच आवारात तर बसताय. तो म्हणाला, नाळे बर्री. उद्या या. धारवाडच्या कचेरीनं मला नवं कानडी शिकवलं ते एवढंच, नाळे बर्री.

मग एकदाचा कागद आला. कलघटगीकडच्या एका गावात तीन एकर जमीन, मोकळी, म्हणून लिवलेलं. हे त्या दिवशी कितीतरी वर्सांनी हसले. दोघं बस बदलून गेलो, इचारत इचारत पोचलो, तर बघतो काय, उभा कापूस! आन कापसात एक बाई तण काढत भांगलूलालीया. माज्याच वयाची, निंगव्वा तिचं नाव. कागद दाखवला तर खुरपं घेऊन अंगावर आली, माज्या नवऱ्यानं दगड काढून काढून हे शेत केलंय, त्यो ह्याच मातीत गेला, तुमी कोण? सरकारची पडीक जागा व्हती, ती आपल्या नावावर व्हावी, पट्टा मिळावा म्हणून तिनं बी अर्ज केलेला, म्हादेवाएवढंच वय त्या अर्जाचं. माजे पाय चालून सुजलेले, मी बांधावरच बसले आन रडाय लागले. तिनं खुरपं टाकलं, ताक दिलं, भाकरी दिली. हे म्हणाले, चल, ऊठ.

धारवाडच्या कचेरीतला कारकून म्हणाला, तिचं अतिक्रमण हाय, पोलीस घेऊन उठवतो, तुमी अंगठा करा. मी म्हटलं, मला तुमी उठवलं, आता माज्या हातानं तिला उठवताय? तो वैतागला, मग नको म्हणून लिवून द्या, आन दुसरा कागद पुढं सरकवला. मला वाचाय येत न्हाई, पर अक्कल हाय. कागद उचलला आन बाहेर अर्ज लिवणारा म्हातारा बसतो त्येच्याकडं नेला. तो वाचून म्हणाला, अक्का, ह्येच्यात असं हाय की मी आपखुशीनं समदा हक्क सोडते. आपखुशीनं! असं डोकं फिरलं माजं की त्या म्हाताऱ्यालाच चार शिव्या घातल्या, बिचारा.

दुसऱ्या आठवड्यात मी एकटी जाऊन निंगव्वाला घेऊन आले. दोघी मोठ्या सायेबाच्या दारात बसलो, भाकरी बांधून. शिपाई म्हणाला, तुमचं भांडण काय हाय? निंगव्वा म्हणाली, आमचं भांडण न्हाईच, तेच सांगाय आलोय. तीन दिवस बसलो. सायेबाच्या जागेवर नवीन मॅडम आल्या व्हत्या, तरण्या, त्येंनी आत बोलवून खुर्चीवर बसवलं, फाईल मागवली, आन जिथं मोकळी जमीन लिवलेलं तिथं बोट ठेवून कारकुनाला इचारलं, हे बघून लिवलं की बसून लिवलं? मग स्वता जीप घेऊन दोन्ही शेतं बघून आल्या.

निंगव्वाचं शेत वाचलं. आमाला जमिनीऐवजी पैसे द्यायचं ठरलं, पर पडीक जमिनीच्या दरानं! का, तर इतकी वर्सं उताऱ्यावर पीकच न्हाई. अवो, नांगर तुमी लावू दिला न्हाई, पड तुमीच पाडली, आन पडीक म्हणून दर बी तुमीच कमी केला? मॅडम म्हणाल्या, पारव्वा, माज्या हातात एवढंच हाय, वर अर्ज करा. आन दोन महिन्यांत त्येंची बदली. माणूस बरं निघालं की बदली, ही एकच गोष्ट सरकार लवकर करतं.

घेतले पैसे. हे म्हणाले नको घ्यायला, मी म्हटलं, मानाची भाकरी भाजता येत न्हाई. दोन महिने अबोला धरला माज्याशी. त्या पैशात एक एकर आली फक्त, रस्त्याकडंची, मुरमाड. म्हादेव हुबळीत गॅरेजमदी लागला, त्येनं पंप बसवून दिला. हे दिवसभर तिथंच असत्यात, मिरची लावलीया. वरचा अर्ज वरच हाय. निंगव्वाचा पट्टा बी अजून आला न्हाई, पर पेरणी चुकली न्हाई तिची.

आता पलीकडच्या दोन गावांत दगड ठोकूलाल्यात. तिथल्या बायका माज्याकडं येत्यात, मी त्येंच्यासंगं कचेरीत जाते, सांगते, वाचून घेतल्याबिगर अंगठा करू नका, आन तुमाला जे देत्यात ते कुणाचं हाय, आदी जाऊन बघा. कारकून मला बघितलं की चष्मा पुसाय लागतो. आज बी दोघी वाट बघत असतील बसपाशी, मला निघाय पायजे. तुमी जेवून जावा बाई, उपाशी जाऊ नका. आन देव करो, तुमच्या नावावर जे काय लिवलंय ते तुमच्या हातात राहू दे.