कपड्यांच्या खोलीचे कुलूप

मी, वय ५६ वर्षे, धंदा नोकरी (रुग्णालयात आया, स्त्रियांचा वॉर्ड), राहणार रुग्णालयामागील कर्मचारी वसाहत, खोली नंबर ९. वॉर्डात मला सगळे मावशी म्हणतात. पोलीस ठाण्यात विचारल्यावरून समक्ष सांगते की,

आमच्या वॉर्डातील सिस्टर, वय अंदाजे तीस, आज सकाळी अकरापासून बेपत्ता असल्याची खबर त्यांच्या भावाने दिली. त्या बेपत्ता नव्हत्या. त्यांना मी कपड्यांच्या खोलीत कोंडले होते.

सात नंबरच्या खाटेवरील आजी काल संध्याकाळी वारल्या. वॉर्डात चाळीस दिवस होत्या. सिस्टरांना 'ए पोरी' अशीच हाक मारायच्या. त्यांचे शेवटचे सगळे सिस्टरांनी केले आणि हात धुऊन पुढच्या खाटेकडे गेल्या. डोळ्यांतून टिपूस नाही. आज सकाळी मी म्हटले, "सिस्टर, जरा टेका की." त्या म्हणाल्या, "मावशी, टेकले तर उठणार नाही."

साडेदहाला सिस्टर सगळ्यांचा ताप बघत होत्या. सात नंबरची खाट रिकामी, चादरसुद्धा मीच काढलेली. तिथे थांबून त्यांनी कागदावर ताप लिहिला. अठ्ठ्याण्णव पूर्णांक सहा. पुढे त्यांना इंजेक्शने द्यायची होती.

मी मेट्रनबाईंना सांगितले. त्या म्हणाल्या, "अगं, सगळ्याच दमल्यात, माणसं कुठून आणू?" मग मी शेजारच्या वॉर्डातील सिस्टरांच्या हातापाया पडून इंजेक्शने त्यांच्यावर सोपवली. आमच्या सिस्टरांना सांगितले, चादरी कमी भरतायत, जरा मोजून द्या. त्या आत गेल्यावर बाहेरून कुलूप लावले आणि किल्ली कमरेला खोचली.

अर्ध्या तासाने उघडणार होते. तेवढ्यात एका पेशंटबाईंना एक्स-रेला न्यायला सांगितले. ती इमारत वेगळी. तिथे मशीन बंद पडले. बाईंना स्ट्रेचरवर एकटे सोडून यायचे कसे? किल्लीचे मी कोणाजवळ बोलले नव्हते. ही माझी चूक.

इकडे भाऊ डबा घेऊन आले. सिस्टर कुठेच नाहीत, फोन टेबलाच्या खणात वाजतोय. आठ दिवसांपासून बहीण घरी 'सगळं नकोसं झालंय' म्हणत होती. ते तसेच आपल्याकडे ठाण्यात धावले. दीड वाजता मी परतले तेव्हा पोलीस गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीत डोकावत होते. भाऊ जिन्यात उभे होते, चेहरा पांढराफटक. मी म्हटले, "अहो दादा, ती आत आहे, मीच कोंडलीय!" एका शिपायाने माझा दंड धरला, तो अजून दुखतो.

कुलूप उघडले. सिस्टर घोंगड्यांच्या ढिगावर चक्क घोरत होत्या. भाऊ तिथेच खाली बसले आणि ढसाढसा रडले. सिस्टर दचकून उठल्या, "इंजेक्शनं राहिली!" मी सांगितले, दिली सगळी.

नंतर सिस्टर मला म्हणाल्या, "दार दोनदा ढकललं. बंद आहे कळल्यावर बरं वाटलं, मावशी. म्हटलं, आता काही राहिलं तर माझ्यामुळे नाही. आणि मग आजींसाठी रडले." त्यांनी भावाशेजारी बसून अख्खा डबा संपवला. मेट्रनबाई त्यांना स्वतः दुसऱ्या मजल्यावर मनाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. पाच दिवस रजा दिली आहे. मला मेमो मिळाला. मिळू दे. मला आज फार बरे वाटते आहे.

भावाची माझ्याविरुद्ध तक्रार नाही.

माझा जबाब मला हळू वाचून दाखवला. त्यात 'केल्या कृत्याचा मला पश्चात्ताप होत आहे' असे वाक्य होते. ते मी बोलले नव्हते. भावाला घाबरवल्याचे वाईट वाटते, एवढेच लिहायला लावून ते वाक्य मी खोडून घेतले. आता जबाब माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.