राणीची ओटी

आईशपथ सांगतो भाऊ, एक-एक शब्द खरा आहे — नाही, आईशपथ नको, आई आतच आहे, शिरा करून राहिली, तिले ऐकू जाईन — ऐंशी टक्के खरा धरा. तो पंप खाली ठेवा पहिले. इथं नाही, त्या अलमारीपासून दूर — बाल्कनीत ठेवा. अलमारीत बाळंतीण आहे. हसू नका गा, मास्क हलला तुमचा, दिसलं मले. तुमचा एक फवारा आन् बारा जीव जातीन — एक माय, अकरा पोरी.

हाव, मुंग्या मारायलेच बोलावलं तुमाले, माहीत आहे. कोणी? खालच्या प्रेमिला काकूनं, ती सोसायटीची सेक्रेटरी. तिच्या साखरेच्या डब्यात मुंग्या निघाल्या, तं नाव कोणाचं? आमचं! अहो, तिच्या डब्यातल्या लाल, आमच्या काळ्या — खानदानच वेगळं. बसा ना, दोन मिनिटात सांगतो. दोन महिन्यांआधी मी सीताबर्डीले मेट्रोतून उतरलो, तं पायऱ्यांवर ही राणी मुंगी — पंख झडलेले, एकटी, बॅग हरवल्यासारखी फिरून राहिली. बाटलीत पकडली, घरी आणली, टेस्ट ट्यूबमधे ठेवली — मागं पाणी, मधे कापूस. अंधार लागते म्हणून अलमारीत, आईच्या साड्यांच्या मागं. आन् खायले काहीच द्यायचं नाही, हे मुख्य. पहिल्या पोरी होईस्तोवर ती आपल्याच अंगातलं जिरवून जगते — पंखांची जी ताकद असते ना, आता उडायचं नाही, तं तीच लेकरांले चारते. काहून हात लावता? कडी नका काढू.

तं आई साडी काढायले गेली आन् नळी सापडली. किंचाळली? नाही. चष्मा लावला, अंडे मोजले, आन् मले म्हणते, “काहून रे अश्विन, पोटुशी बाई घरात आन् तू तिले उपाशी ठेवलं? कोणाच्या घरचा आहेस तू?” म्हटलं, आई, ती खातच नाही. “खात नाही तं ओटी तरी भरू.” आता ओटीले पदर लागते, मुंगीले पदर कुठचा? गांधीबागेत गेलो खण आणायले. दुकानदार म्हणे, किती देऊ? म्हटलं, कंबर एक मिलिमीटर आहे. त्यानं माझ्याकडं पाहिलं, कापडाकडं पाहिलं, आन् चिंधी फुकट दिली. ती नळीले गुंडाळली. पाच गहू, एक तांदळाचा दाणा, खोबऱ्याचा कीस चिमट्यानं ठेवला — नळीच्या बाहेर हो, मी नियम मोडत नाही.

काकूले बोलावलं होतं. आली, नथ घालून. सगळं नीट चाललं होतं, आन् काकूनं इचारलं, “इचा नवरा काय करते?” मले खोटं बोलता येत नाही — तुमच्याशी बोलून राहिलो ते वेगळं. म्हटलं, उडता उडता लग्न लागलं, त्याच संध्याकाळी वारला. त्यांच्यात तसंच असते. काकूनं ताट खाली ठेवलं. म्हणे, “माय वं! मंग इले कुंकू कसं लावायचं, शोभाताई? तुमाले तं समजाले पाहिजे.”

आईचा हात तसाच राहिला, हवेत, बोटाले कुंकू. — बाबाले जाऊन चार वर्षं झाली ना. तेव्हापासून काकूच्या हळदीकुंकवाचं बोलावणं वरच्या मजल्यावर येत नाही, जिन्यात अडकते कुठंतरी. — ते सोडा, ते गोष्टीत नाही.

आईनं काय केलं? कुंकू लावलं. नळीच्या काचेले, मधोमध. आन् बोटाले उरलेलं पुसायले पदर शोधला — नाही, पुसलं नाही. आपल्या कपाळाले लावलं. मी मोबाईलमधे पाहून राहिलो होतो, मले काही दिसलं नाही. काकू न जेवता गेली. एवढी पुरणपोळी उरली, तीन दिवस मी तेच खाल्लं.

परवा अकरावी पोरगी निघाली. सगळ्या पोरीच! आई म्हणे, बरं झालं, मायले हातभार. आज बारसं आहे, खरंच. शेजारच्या दोघी येणार आहेत, आईनं चार वर्षांनी गजरा मागवला — आन् दारात तुम्ही, पंप घेऊन. तवापासून ती किचनमधून बाहेर नाही आली. शिरा कवाचाच झाला, नुसती ढवळून राहिली. ऐका, पळी वाजते.

आता तुमीच सांगा भाऊ. मघाशी आईनं माझ्या हातानं शिऱ्याची वाटी धाडली ती तुमी मास्क वर करून खाल्ली की नाही? खाल्ली. काजू वेचून खाल्ले, मी पाहिलं. मंग तुमी फवारणीवाले राहिलेच कुठं? पाहुणे झाले. बारशाचं खाल्लं, आता बाळंतिणीच्या अंगावर औषध मारान? नाही ना? वाटलंच. घरी पोरी आहेत ना तुमच्या — नाही? असो, होतीन.

पंप घ्या, वास लागला नाही पाहिजे. आन् हो — बारशातून हात हलवत कोणी जात नाही. लिफाफा नाही? चालते. काकूनं ॲडव्हान्स किती दिला तुमाले? पाचशे. फवारणी तं झाली नाही, म्हणजे ते पैसे तुमचे नाही. आई! वही आण, लिही — प्रेमिला काकूकडून, बारशाचा आहेर, पाचशे. काढा भाऊ. आन् वरचा एक रुपया तुमच्या खिशातला.